पहिल्या बारा दिवसांत होणाऱ्या या चुका टाळा

बाळंतिणींच्या वॉर्डात रात्रपाळी करताना मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य म्हणजे "सिस्टर, हिला दूधच नाही हो." बहुतेकदा ते बाळाच्या आजीच्या तोंडी असतं. बाळंतपणाची दुसरी नाहीतर तिसरी रात्र असते, बाळ टाहो फोडत असतं आणि आजीच्या हातात फुलपात्र असतं. त्यात साखरपाणी किंवा पावडरचं दूध, आणि बुडवायला कापसाचा बोळा. आजीचा जीव तुटत असतो, म्हणूनच तर ती उठलेली असते. पण बारशापर्यंतच्या बऱ्याच अडचणी त्या फुलपात्रातूनच सुरू होतात. त्यामुळे दुधाबद्दल मी जास्त लिहिणार आहे. त्याआधी कळांचं थोडक्यात.

कळा नाहीत म्हणून घरी थांबणं

पाणमोट फुटली, पाणी गेलं, पण कळा नाहीत. मग "कळा सुरू झाल्या की निघू" म्हणत थांबू नका. पाण्याला बाहेरची वाट मिळाली की जंतूंना आतली वाट मिळते. पाणी हिरवट दिसलं तर बाळाने पोटातच शी केली आहे, तेव्हा पिशवी भरायलाही थांबायचं नाही. बाळाची हालचाल मंदावली, अंगावरून रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तरीही लगेच निघा. ३७ आठवडे भरायच्या आत ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या तरी तसंच. दिवस भरल्यावर मात्र नुसतं पोट कडक होऊन सैल पडत असेल, कूस बदलली की थांबत असेल, तर घाबरू नका. खऱ्या कळा थांबत नाहीत, जवळ जवळ येत जातात आणि जोर धरतात.

लवकर मोकळी व्हावी म्हणून एरंडेल पाजणं किंवा जवळच्या छोट्या दवाखान्यातून कळांचं इंजेक्शन घेऊन येणं, हे कधीही नको. बाळाच्या ठोक्यांवर कुणाचं लक्ष नसताना दिलेल्या त्या इंजेक्शनने गर्भाशय इतकं आवळतं की बाळाचा प्राणवायू तुटतो. कधी गर्भपिशवीच फाटते.

चीक पिळून टाकणं

गाईचा चीक आणून खरवस करणारे आपण, आईचा चीक मात्र "घट्ट आहे, पिवळा आहे, बाधेल" म्हणून टाकून देतो. हे पाहिलं की मला फार वाईट वाटतं. जंतूंशी लढणारी द्रव्यं त्या पिवळ्या थेंबांत दाटून भरलेली असतात. त्याने बाळाची काळी शी लवकर बाहेर पडते, आणि ती बाहेर पडली की कावीळ वाढायला एक कारण कमी होतं. चीक थोडाच येतो, कारण लागतोही थोडाच. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावतं. जन्मानंतर तासाभरात बाळ छातीशी लावा. सिझेरियन असलं तरी बहुतेकदा आई शुद्धीवर असते, कुणीतरी बाळ धरून ठेवलं की जमतं.

"दूध पुरत नाही" हे रडण्यावरून ठरवणं

दूध भरून यायला दुसरा ते चौथा दिवस उजाडतो, सिझेरियननंतर कधी एखादा दिवस अधिक. तोपर्यंत बाळ सारखं चोखायला मागतं, रात्री तर जास्तच. ते मागणं म्हणजेच दुधाची ऑर्डर देणं. जितकं ओढलं जाईल तितकं बनतं. आपण मध्येच बोळ्याने किंवा बाटलीने पोट भरलं की बाळ चार तास झोपतं, छाती रिकामी होत नाही आणि दूध खरोखरच कमी बनायला लागतं. आधी नुसती शंका असते, आपल्या उपायाने ती खरी ठरते.

एका तिसऱ्या रात्रीचं सांगते. पहिलटकरीण, सिझेरियन झालेलं, स्तनाग्रांना चिरा पडलेल्या. बाळ लावलं की ती ओठ दाबून डोळ्यांतून पाणी काढायची. तिची आई म्हणाली, "सिस्टर, आजची रात्र पावडर देऊ द्या, पोरीला झोपू द्या." मी आधी बाळ कसं धरलंय ते बघितलं. बाळ पाठीवर उताणं, फक्त मान वळवलेली, आणि तोंडात नुसतं स्तनाग्राचं टोक. तिला कुशीवर वळवलं, पाठीला उशी दिली. बाळाचं पोट तिच्या पोटाला लावलं, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत आणली. स्तनाग्र बाळाच्या नाकासमोर धरून वरच्या ओठाला हलकेच टेकवलं आणि थांबलो. बाळाने जांभईएवढा मोठा आ केला, त्या क्षणी पाठीवर हात ठेवून त्याला जवळ आणलं. हनुवटी छातीत रुतली, खालचा ओठ बाहेर वळला, भोवतालचा काळा भाग खालून जवळजवळ सगळा आत गेला. पाच-सात वेळा भरभर चोखणं, मग संथ ओढ, आणि गिळल्याचा बारीक "क्क" असा आवाज. तिच्या खांद्यातला ताठरपणा सैल झाला. "आता दुखत नाही," ती म्हणाली. पावडरचा डबा तसाच राहिला.

पाजताना दुखत राहणं ही सोसायची गोष्ट नव्हे, बाळ नीट लागलं नसल्याची ती खूण आहे. करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घाला, पकड सोडवा आणि पुन्हा लावा. चार वेळा करावं लागलं तरी चालेल. चिरांवर पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचा थेंब लावून वाळू द्यायचा.

मग दूध पुरतंय हे ओळखायचं कसं? रडणं सोडा, लंगोट मोजा. पाचव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा वेळा शू व्हायला हवी, रंग पाण्यासारखा. शी काळ्याची हिरवट आणि मग मोहरीसारखी पिवळी होत जाते. चार-पाच दिवसांनीही काळीच असेल तर दाखवा. वजन पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच. तीन किलोचं बाळ २.७ किलोपर्यंत आलं तरी ते हद्दीत आहे, त्याखाली गेलं तर डॉक्टरांनी पाहायलाच हवं. दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत यायला हवं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं होतं. पहिल्या आठवड्यात बाळ तीन तासांवर झोपलं तर तळपाय चोळून उठवा. "शांत बाळ आहे, झोपू दे" या कौतुकात उपाशी राहून सुकलेली बाळं मी पाहिली आहेत.

कधी वरचं दूध खरंच लागतं. अपुऱ्या दिवसांचं बाळ, बाळाच्या रक्तातली साखर उतरलेली, आई अतिदक्षता विभागात. ते डॉक्टरांनी ठरवू द्या, वाटी-चमच्याने द्या, आणि आईला दर दोन-तीन तासांनी हाताने दूध काढायला लावा. अशा नाजूक बाळांसाठी मातृदुग्धपेढ्या आहेत. आशियातली पहिली मुंबईतच, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आणि पावडरच्या डब्याचा मोफत नमुना कुणी हातात ठेवला तर घेऊ नका. १९९२ च्या कायद्याने अशी जाहिरात आणि फुकट वाटप दोन्ही बंद आहे.

मध, घुटी आणि पाणी

मध चाटवणं हा संस्कार म्हणून होतो, पण मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. ते तान्ह्याच्या आतड्यात रुजून अंग लुळं पाडतात. वर्षाच्या आत मध नाही, बोटभरही नाही. घुटीवर तर घराघरांत वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे, सहा महिने घुटी नको. सहाण कितीही धुतली तरी ओलसर राहते, वेखंडाचे किती वेढे आणि जायफळाचे किती हे रोज उगाळणाऱ्या हातावर ठरतं, आणि जायफळ जास्त झालं की बाळ सुस्तावतं. ते पेंगणं आपण "घुटी मानवली" असं समजतो. सहाणेची हौस असेल तर बाळाच्या पायाला गंध लावा. उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही, आईच्या दुधात ते पुरेसं असतं.

न्हाणीघरात

पहिली अंघोळ जन्मानंतर चोवीस तास तरी नको. वजन अडीच किलोच्या आत असेल तर अजून थांबा, नुसतं पुसून घ्या. मालिशवाल्या बाईंचे हात कितीही सवयीचे असले तरी दोन गोष्टी त्यांना आधीच, आदराने, पण ठाम सांगा. नाकात आणि कानात तेल सोडायचं नाही, नाकातलं तेल फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. आणि बाळाची छाती पिळायची नाही. मुलगा असो वा मुलगी, आईच्या संप्रेरकांमुळे पहिल्या दिवसांत बाळाची छाती सुजल्यासारखी दिसते, थेंबभर दूधही येतं. हात न लावता ती आपोआप बसते, पिळली तर गळू होतं. मुलीला अंगावरून रक्ताचा एखादा थेंब जाणंही त्याच कारणाने, घाबरू नये.

काजळात शिसं असू शकतं, डोळ्यांत घालू नका. नाळेवर हळद, राख, तेल, पावडर काही नको. कोरडी ठेवा, लंगोट तिच्याखाली दुमडा. साधारण एक-दोन आठवड्यांत ती गळते. बेंबीभोवतीची कातडी लाल झाली, पू किंवा घाण वास आला, तर त्याच दिवशी दाखवा.

बंद खोलीत शेगडी

बाळाला ऊब हवी हे आजीचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. चूक आहे ती धुराची. खिडक्या लावून कोळशाची शेगडी, वर ओवा आणि बाळंतशेपाची धुरी, म्हणजे त्या एवढ्याशा खोलीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, जो दिसतही नाही आणि ज्याचा वासही येत नाही. त्यापेक्षा आईच्या अंगासारखी ऊब दुसरी नाही. बाळाला लंगोट आणि टोपडं तेवढं घालून आईच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, वरून लुगड्याचा पदर नाहीतर शाल. कमी वजनाच्या बाळासाठी तर हे औषधच आहे, आणि वडिलांनी केलं तरी चालतं.

ऊब पुरेशी आहे का हे हाताने कळतं. बाळाचं पोट आणि तळपाय दोन्हीला हात लावा. दोन्ही कोमट, तर ठीक. पोट कोमट आणि पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागलं तर छातीशी धरूनच दवाखाना गाठा. उलट मे महिन्यात विदर्भात दोन दुपटी आणि कुंची चढवलेलं बाळ तापानं फणफणल्यासारखं लागतं. कपडे सैल करून अर्ध्या तासाने थर्मामीटरने मोजा, तरी ३७.५ अंश सेल्सिअस किंवा वर असेल तर तो ताप धरायचा.

कोवळ्या उन्हावर कावीळ सोडणं

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ बऱ्याच बाळांना होते आणि ओसरते. पण ती वाढत असेल तर कोवळं ऊन पुरत नाही, दवाखान्यात निळ्या दिव्याखाली ठेवावं लागतं. नाहीतर ती मेंदूपर्यंत जाऊ शकते, आणि तिथे झालेली इजा भरून येत नाही. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, बाळाच्या कपाळावर, छातीवर आणि मग पायावर बोट दाबून उचला, दाबलेल्या जागी रंग बघा. पहिल्या चोवीस तासांत पिवळेपणा दिसला, किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, किंवा बाळ पेंगुळून प्यायला उठेना, तर सकाळची वाट बघू नका. पंधरवडा उलटूनही पिवळेपणा राहिला तर दाखवा. शी खडूसारखी पांढरी असेल तर आजच. पित्तमार्ग बंद असू शकतो, आणि त्याची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झाली तर फायदा जास्त होतो.

"बारसं झालं की दाखवू"

तान्ह्याचा आजार गाजावाजा करत येत नाही. काल ओढून पिणारं बाळ आज तोंड फिरवतं, रडणं क्षीण होतं, अंग सैल पडतं. बाळ शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वासागणिक होणारी पोटाची हालचाल मोजा. साठ किंवा जास्त आली तर पुन्हा एकदा मोजा. तरी तेवढीच असेल, किंवा छाती आत ओढली जात असेल, झटके येत असतील, तर निघायचं. हे मोजायला पदवी लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांनाच श्वास मोजायला, वजन करायला, उपचार द्यायला शिकवलं. ३९ गावांतलं ते काम १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई घरी येतात त्यामागे ते काम आहे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्या यायला हव्यात. ओवाळणीच्या गडबडीत त्यांना दारातून परत पाठवू नका, बाळ उघडं करून दाखवा. सरकारी रुग्णालयात आजारी तान्ह्याचा उपचार मोफत आहे, न्यायला १०२ किंवा १०८ लावा.

बाळंतिणीकडे कुणाचंच लक्ष नसणं

सगळे पाळण्याभोवती, आणि आई भिंतीकडे तोंड करून. तिचं पाणी तोडू नका. "पोट सुटेल, टाके पिकतील" हे खरं नाही, पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते. डिंकाचे, अळिवाचे लाडू खुशाल द्या, पण त्याबरोबर वरण, भाजी, फळं, अंडी चालत असतील तर अंडी, सगळं द्या. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही सहा महिने चालू ठेवायच्या असतात, बऱ्याच घरी त्या कपाटातच राहतात.

तासाभरात पूर्ण पॅड भिजणं, थंडी वाजून ताप, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, न थांबणारी डोकेदुखी किंवा अंधुक दिसणं, यातलं काहीही झालं तर लगेच दवाखाना. गरोदरपणी रक्तदाब नॉर्मल होता तरी तो बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत अचानक चढू शकतो, आणि "जागरणाने डोकं दुखतंय" यात तो लपतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला उगाच रडू येईल. येऊ द्या, जवळ बसा, बाळ दोन तास सांभाळा, तिला झोपू द्या. दोन आठवडे होऊनही रडणं थांबेना, बाळ घ्यावंसंच वाटेना, बाळ झोपलेलं असतानाही तिला झोप येईना, तर ते आजारपण आहे आणि त्याला उपचार आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करून टाकावंसं वाटतं असं ती म्हणाली, तर तिला एक क्षणही एकटं सोडू नका आणि त्याच वेळी तिला दवाखान्यात न्या.