पुदुच्चेरीला जाताय? पहाटेचा गजर लावा
आपल्या कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, पुदुच्चेरीत तो समुद्रातून वर येतो. म्हणून दोन दिवसांच्या मुक्कामातली एक पहाट प्रोमेनेडसाठी, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यासाठी, राखून ठेवाच. रात्रभर वाहनांना बंद असलेला हा रस्ता तेव्हाही निवांत असतो. किनाऱ्याला काळे खडक आहेत, पाण्यात उतरू नका. मग ऊन चढायच्या आत जुन्या फ्रेंच वस्तीत पायी भटका. पिवळ्या भिंती, त्यांवरून ओसंडणारी बोगनवेल, निळ्या पाट्यांवर फ्रेंच आणि तमिळ नावं. फ्रेंचांनी १९५४ मध्ये कारभार सोडला, पाट्या राहिल्या! खोली याच भागात घ्या, रिक्षाही लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मात्र नको. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा खरा पावसाळा. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. दादरहून थेट रेल्वेही आहे.