मलेशियाच्या लोकसंख्येचे आकडे कसे वाचावेत

मलेशियात कोणते लोक किती, याचे टक्के मराठीत पुष्कळदा छापून येतात. हे टक्के कशाचे, हे मात्र बहुतेक ठिकाणी लिहिलेले नसते आणि चूक तिथेच होते. म्हणून कोणताही आकडा उचलण्याआधी त्याचा छेद शोधा.

2020 च्या जनगणनेत एकूण लोकसंख्या 3 कोटी 24 लाख भरली. त्यांत नागरिक सुमारे 2 कोटी 98 लाख आणि परदेशी सुमारे 27 लाख. (बेरजेत लाखभराचा फरक दिसतो, तो आकडे पूर्ण लाखांत आणल्यामुळे.) मूळ तक्ते मिलियनमध्ये असतात. एक मिलियन म्हणजे दहा लाख, त्यामुळे 32.4 चे 3.24 कोटी करताना दशांशचिन्ह नीट सांभाळा.

आता वंशाचे टक्के पाहा: भूमिपुत्र (याचा नेमका अर्थ पुढे येतो) 69.4, चिनी 23.2, भारतीय 6.7, इतर 0.7. हे फक्त नागरिकांचे आहेत. भारतीयांची संख्या काढायची तर 2.98 कोटींचे 6.7 टक्के, म्हणजे सुमारे 20 लाख. एकूण लोकसंख्येवर गुणाकार केला तर उत्तर पावणेबावीस लाखांच्या घरात जाते. दीडपावणेदोन लाख माणसे केवळ चुकीच्या छेदातून वाढतात. इथे ‘भारतीय’ म्हणजे भारतीय वंशाचा मलेशियन नागरिक. क्वालालंपूरला नोकरीनिमित्त राहणारा, भारतीय पासपोर्ट असलेला पुणेकर या 6.7 टक्क्यांत येत नाही. तो त्या 27 लाख परदेशींत मोजला जातो. नागरिक असलेल्या भारतीयांत बहुसंख्य तमिळ आहेत, कारण ब्रिटिश काळात रबराच्या मळ्यांवर मजूर आणले गेले ते मुख्यतः तमिळ भागातून. तेलुगू, मलयाळी आणि पंजाबीही याच गटात येतात.

सर्वांत जपून वापरायचा शब्द म्हणजे भूमिपुत्र. मलय भाषेतला ‘बुमिपुत्रा’ संस्कृतातूनच गेला आहे, म्हणून तो आपल्याला ओळखीचा वाटतो आणि फसवतो. महाराष्ट्रात तो राजकीय घोषणेतला शब्द आहे. मलेशियात तो सरकारी वर्गवारीतला गट आहे आणि त्याचा अर्थ ‘मलय’ असा नाही. त्यात मलय आहेत, मलय द्वीपकल्पातले ओरांग अस्ली हे आदिवासी आहेत आणि समुद्रापलीकडे बोर्निओ बेटावरच्या साबा-सारावाक या राज्यांमधले इबान, बिदायुह, मेलानाउ, काडाझान-दुसुन, बजाऊ असे अनेक समूह आहेत. ‘मलेशियात 69 टक्के मलय’ असे लिहिले की या सगळ्यांची ओळख एका फटक्यात पुसली जाते. असे लिहू नये. खुद्द ‘मलय’ची व्याख्याही निव्वळ वंशाची नाही. राज्यघटनेचे कलम 160 मलय कोण हे ठरवताना इस्लाम धर्म, रोजच्या बोलण्यात मलय भाषा आणि मलय रीतिरिवाज या गोष्टी पाहते. म्हणून इंडोनेशियातल्या जावा किंवा सुलावेसीहून पिढ्यांपूर्वी आलेल्यांचे वंशजही मलय म्हणून गणले जातात.

यानंतर राज्यवार तक्ता उघडा, कारण देशाची सरासरी कोणत्याच राज्याला नीट लागू पडत नाही. केलांतानमध्ये मलय बहुसंख्य आहेत, पेनांगमध्ये चिनी समाज फार मोठा आहे. 2010 च्या जनगणनेत सारावाकच्या नागरिकांत इबान 30.3 टक्के होते, साबात काडाझान-दुसुन 24.5 टक्के. साबात परदेशींचे प्रमाणही मोठे आहे, त्यामुळे तिथे छेद चुकला तर उत्तर फारच भरकटते.

धर्माचा तक्ता वेगळा घ्या आणि वंशाच्या तक्त्याशी त्याची सांगड घालू नका. 2020 मध्ये इस्लाम 63.5 टक्के, बौद्ध 18.7, ख्रिस्ती 9.1, हिंदू 6.1. हे टक्के एकूण लोकसंख्येचे आहेत, परदेशी धरून. हिंदू 6.1 आणि भारतीय 6.7 हे आकडे जवळजवळ दिसतात, म्हणून ‘भारतीय म्हणजे हिंदू’ असे समीकरण मांडायचा मोह होतो. पण भारतीयांत मुसलमान, ख्रिस्ती, शीख आहेत, तर हिंदूंच्या आकड्यात नेपाळी कामगारही असतात. भूमिपुत्र म्हणजे मुसलमान, हेही चूक. इबान आणि काडाझान-दुसुन यांच्यात ख्रिस्ती मोठ्या संख्येने आहेत.

दोन वर्षांची तुलना करताना टक्के आणि माणसे दोन्ही लिहा. 2010 मध्ये चिनी 24.6 टक्के होते, 2020 मध्ये 23.2. यावरून ‘चिनी घटले’ असा मथळा होतो, पण तो चुकीचा आहे. 2010 च्या सुमारे 2.6 कोटी नागरिकांत ते 64 लाख होते, 2020 मध्ये सुमारे 69 लाख. संख्या वाढली आणि वाटा कमी झाला. जन्मदर मलय समाजात जास्त, चिनी समाजात सर्वांत कमी, हे त्याचे मोठे कारण.

जुन्या आकड्यांकडे जाताना आणखी एक अडचण येते. 1957 ची जनगणना फक्त मलायाची, म्हणजे द्वीपकल्पाची. साबा आणि सारावाक 1963 मध्ये मलेशियात सामील झाले. त्यांची गणना 1960 मध्ये वेगळी झाली होती आणि अख्ख्या देशाची एकत्र मोजणी पहिल्यांदा 1970 मध्ये झाली. त्यामुळे 1957 चे टक्के 2020 शेजारी ठेवायचे असतील तर 2020 मधूनही साबा, सारावाक आणि त्यांच्या किनाऱ्याजवळचे लाबुआन वगळून घ्या.