तिशीतला लकवा: आधी घड्याळ बघा

‘अंगावरून वारं जाणं’ म्हणजे म्हातारपणाचं दुखणं, असं धरून चालल्यामुळेच तरुणांच्या बाबतीत वेळ वाया जातो. चूळ भरताना पाणी ओठाच्या एकाच कोपऱ्यातून गळतं, मोबाईल हातातून निसटतो, जीभ जड होते. घरचे म्हणतात, जागरण झालंय, जरा पड. झोपवू नका.

हसायला सांगा. दोन्ही हात समोर धरायला लावून दहा अंक मोजा. एक साधं वाक्य म्हणवून घ्या. तोंड वाकडं, एक हात खाली येतोय, बोलणं बोबडं, यातलं एकही दिसलं तर लगेच १०८. अचानक तोल गेला किंवा एका बाजूचं दिसेनासं झालं तरी तेच. दहा मिनिटांत सगळं ठीक झालं तरीही जायचंच, कारण मोठा झटका त्यानंतरच्या दोन दिवसांत येण्याची भीती सर्वाधिक.

माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून घ्या. उठतानाच लक्षणं असतील तर रात्री झोपल्याची वेळ. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून सीटी स्कॅन रात्रंदिवस चालू असलेलं रुग्णालयच गाठा. तोंडात पाणीसुद्धा घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. घरची अ‍ॅस्पिरिन नको: गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. मधुमेही असेल तर साखर तपासा. ती उतरली तरी चित्र असंच दिसतं.

तंबाखू आणि न तपासलेलं बीपी ही कारणं तरुणांतही आहेतच. पण सलूनमध्ये मान कटकन मोडून घेऊ नका. त्या झटक्याने मानेतल्या धमनीचा आतला पदर फाटू शकतो आणि गुठळी मेंदूत जाते. एका बाजूची मान नव्यानेच ठणकत असेल आणि त्याच बाजूची पापणी उतरली असेल, तर थांबू नका.

बाळंतिणीचं पाणी तर कधीच तोडू नका. पहिले सहा आठवडे रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. त्यात अंगातलं पाणी आटलं की मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. डोकेदुखी रोज वाढतेय, उलट्या होताहेत, फिट आली, तर ‘बाळंत होऊन किती दिवस झाले’ हे डॉक्टरांना आधी सांगा. साधा सीटी नॉर्मल येऊनही गुठळी असू शकते. शिरा दाखवणारा एमआरआय लागेल का, ते विचारा.