दिवसभराच्या जंगलवाटेची तयारी: आधी वेळ, मग सामान

सामानाची यादी करण्यापूर्वी वाटेच्या वेळेचा हिशेब कागदावर मांडावा, कारण पाणी किती घ्यायचे, निघायचे केव्हा आणि कोठून मागे फिरायचे, हे सारे त्यावरूनच ठरते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: दर तासाला सुमारे ५ किलोमीटर अंतर धरावे आणि दर ६०० मीटर चढाईमागे एक तास वाढवावा. जाऊन-येऊन १२ किलोमीटर आणि एकूण ६०० मीटर चढाई असलेल्या वाटेला या हिशेबाने साडेतीन तास पुरतात. पण त्यात वाट चांगली आहे आणि चालणारा कोठेही थांबत नाही, असे गृहीत धरलेले आहे. झाडांची मुळे, सुटे दगड आणि अधूनमधून हात टेकवून चढावे लागणारे खडक असतील, तर दीडपट वेळ धरून वर विश्रांतीचा एक तास मिळवावा, म्हणजे सहा-साडेसहा तास होतात. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचाच असतो. दाट झाडीत सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी अंधारून येते, म्हणून सूर्यास्तापूर्वी निदान दोन तास वाट संपेल अशा बेताने निघावे आणि मागे फिरण्याची वेळ घरीच ठरवून टाकावी. माथा समोर दिसू लागल्यावर ती ठरवायला बसले, तर निर्णय बहुधा चुकीचाच होतो.

सर्वाधिक विचार बुटांचा करावा. नवे बूट थेट वाटेवर घालू नयेत, आधी आठवडाभर रोजच्या चालण्यात वापरावेत. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात, तेव्हा मापाची परीक्षा करावी: उतारावर उभे राहिल्यास बोटे पुढे टेकता कामा नयेत. पायांची नखे दोन दिवस आधी कापावीत, आणि उतार सुरू होण्यापूर्वी घोट्याजवळची नाडी पुन्हा घट्ट बांधावी. शेवाळलेल्या ओल्या खडकावर मात्र कोणताही तळवा भरवशाचा नसतो. तेथे पाऊल लहान टाकणे आणि शक्य तेथे खडकाला वळसा घालणे, हाच उपाय. उतारावर गुडघ्यांचा भार हलका करणारी काठी मला चाकू-दोरखंडाच्या हौसेपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

सुती कपडे घाम धरून ठेवतात आणि वारा लागताच अंग गार पडते, म्हणून लवकर वाळणारा सदरा, वर एक उबदार थर आणि पाऊस-वारा अडवणारे जाकीट असावे. दर हजार मीटर उंचीमागे तापमान साधारण सहा अंशांनी उतरते. मोज्यांचा एक कोरडा जोड पिशवीत असावा.

पाणी तासाला अर्धा लिटर धरले, तर वरच्या हिशेबाने माणशी तीन लिटर, म्हणजे पाठीवर तीन किलो भार होतो. ऊन कडक असल्यास याहून अधिक लागेल. ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये. चालता चालता खाता येईल असे खाणे आणि त्याखेरीज एका वेळेपुरता राखीव साठा घ्यावा.

मोबाईलला स्थान कळण्यासाठी नेटवर्क लागत नाही, पण नकाशा आधी उतरवून घेतलेला नसेल, तर पडद्यावर कोऱ्या जागेवरचा एक ठिपका तेवढा दिसतो. कागदी नकाशाही सोबत ठेवावा; त्यावरील समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, जेथे एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात, तेथे चढ खडा आहे असे समजावे. परतणे दुपारी ठरलेले असले तरी डोक्याला बांधायची विजेरी घ्यावीच. प्रथमोपचाराच्या पिशवीत फोडांसाठी चिकटपट्टी, मुरगळलेल्या घोट्यासाठी क्रेप बँडेज, जंतुनाशक आणि ज्याची त्याची नेहमीची औषधे असावीत. शिट्टी पिशवीच्या पट्ट्याला बांधावी; मदतीचा संकेत मिनिटभरात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर विराम आणि पुन्हा सहा, असा असतो, तर उत्तर मिनिटाला तीन शिट्ट्यांनी मिळते.

हवामानाचा अंदाज आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी पाहावा. गडगडाटाची शक्यता असल्यास उघड्या माथ्याचा बेत रद्द करावा. वनात प्रवेशासाठी परवानगी लागते का, हेही आधी विचारून घ्यावे. शेवटी, घरी राहणाऱ्या एका विश्वासू व्यक्तीकडे वाटेचे नाव, सोबत्यांचे क्रमांक आणि किती वाजेपर्यंत निरोप न आल्यास मदत मागवायची ती वेळ लिहून द्यावी, आणि खाली उतरताच पहिला फोन त्याच व्यक्तीला करावा.