घरच्या ध्वनिमुद्रणासाठी संगणक आणि जोडसामग्री निवडताना

ध्वनिमुद्रणाच्या कामासाठी संगणक घ्यायला दुकानात गेले की पहिला प्रश्न ‘बजेट किती?’ हा येतो आणि मग बोलणे प्रोसेसरच्या पिढीवरून थेट ग्राफिक्स कार्डावर जाते. या कामात तो क्रम उलटा ठेवावा. आधी काय मुद्रित करायचे ते ठरवावे, त्यावरून एका वेळी किती मायक्रोफोन लागतील ते मोजावे, त्याप्रमाणे ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोनचा आवाज डिजिटल करून संगणकात पोहोचवणारी पेटी) निवडावा आणि हे सारे सांभाळून घेईल असा संगणक शेवटी पाहावा. स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचा ध्वनीच्या कामाला जवळजवळ काहीच उपयोग नसतो. उलट त्याने यंत्र तापते, पंखा जोरात फिरतो आणि तो आवाज मायक्रोफोनमध्ये उतरतो.

अभिवाचन, श्राव्य पुस्तक किंवा पॉडकास्ट यांसारखे एकट्या आवाजाचे काम संगणकावर फारसा भार टाकत नाही. एका मायक्रोफोनचे २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचे मुद्रण मिनिटाला साधारण ८.६ मेगाबाइट जागा घेते, म्हणजे तासाला अर्ध्या गिगाबाइटच्या किंचित वर. ८ गिगाबाइट रॅमचा, चांगल्या स्थितीतला लॅपटॉप त्याला पुरतो. खरी अडचण शांततेची असते. ऑडिबलला पुस्तके पुरवणाऱ्या एसीएक्सच्या निकषांनुसार मुद्रणातला पार्श्वभूमीचा गोंगाट उणे ६० डेसिबलच्या वर जाता कामा नये, आणि लॅपटॉपचा पंखा हातभर अंतरावर घरघरत असेल तर हा निकष पाळणे अवघड जाते. म्हणून एम मालिकेच्या मॅकबुक एअरसारखा पंखाच नसलेला लॅपटॉप, किंवा मायक्रोफोनपासून दूर ठेवता येईल असा लहान डेस्कटॉप, हा गेमिंग लॅपटॉपपेक्षा कितीतरी बरा. छतावरचा पंखा मात्र तुम्हालाच बंद करावा लागेल.

घरगुती बैठकीचे मुद्रण करायचे असेल तर हिशेब बदलतो. गायकाला एक, हार्मोनियमला एक, तबल्याला एक आणि डग्ग्याला एक असे चार मायक्रोफोन लागतात, शिवाय इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यासाठी एक लाइन इनपुट, म्हणजे मायक्रोफोनशिवाय थेट तारेने जोडण्याची जागा. इथे इंटरफेसच्या खोक्यावरचा मोठा आकडा फसवा ठरू शकतो, कारण त्यात लाइन आणि डिजिटल इनपुटही धरलेले असतात. मायक्रोफोनचा क्षीण संकेत मोठा करणारे प्रीअ‍ॅम्प किती आहेत ते वेगळे मोजावे आणि कंडेन्सर (विजेवर चालणाऱ्या, संवेदनशील) मायक्रोफोनसाठी लागणारा, केबलमधूनच मिळणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर त्या सर्वांवर मिळतो का ते विचारावे. यूएसबीच्या वेगाची चिंता नको. आठ मायक्रोफोनचे मुद्रण सेकंदाला दहा मेगाबिटसुद्धा वापरत नाही आणि जुन्या यूएसबी २ ची क्षमता ४८० मेगाबिटची असते. इंटरफेस मात्र स्वस्त हबमधून न जोडता थेट संगणकाला जोडावा.

ताकदवान संगणकाची खरी गरज संगीत संयोजकाला पडते. व्हायोलिनचा ताफा, पियानो, ढोल अशी सॉफ्टवेअर वाद्ये आपले नमुने, म्हणजे आधी मुद्रित केलेले स्वर, रॅममध्ये भरून ठेवतात, त्यामुळे त्याने १६ गिगाबाइट ही किमान आणि ३२ ही सोयीची मर्यादा धरावी. पुष्कळशा नव्या लॅपटॉपमध्ये, आणि अ‍ॅपलच्या सर्वच लॅपटॉपमध्ये, रॅम नंतर वाढवता येत नाही. हा निर्णय खरेदीच्याच दिवशी घ्यावा लागतो. एका ट्रॅकवर ओळीने लावलेले इफेक्ट बहुधा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर (गणनेच्या एककावर) चालतात, म्हणून कोअर किती आहेत याआधी एकेका कोअरचा वेग पाहावा.

आवाज काढल्यापासून तो हेडफोनमध्ये येईपर्यंतच्या विलंबाचा, म्हणजे लेटन्सीचा प्रश्नही संयोजकालाच जास्त भेडसावतो. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलचा आणि दर ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार सॅम्पल) असेल तर एका दिशेला २.७ मिलिसेकंद लागतात. जाण्यायेण्याचे मिळून दुप्पट, आणि त्यात ध्वनीच्या रूपांतराचा वेळ वेगळा. बफर ५१२ केला की नुसते जाणेच १०.७ मिलिसेकंदांचे होते आणि द्रुत लयीत वाजवणाऱ्या बोटांना ते जाणवते. गायकाला किंवा वाचकाला यातून सुटका आहे, कारण इंटरफेसवरच्या डायरेक्ट मॉनिटरिंगमुळे आवाज संगणकात न शिरताच हेडफोनमध्ये येतो. कीबोर्ड वाजवणाऱ्याचा आवाज संगणकातच तयार होत असल्याने त्याला ती सोय नाही. त्याला बफर लहान ठेवूनही न अडखळणारा संगणकच हवा.

मॅक की विंडोज या वादात मी फार वेळ घालवणार नाही. मॅकमध्ये कोअर ऑडिओ ही ध्वनी हाताळणारी प्रणाली अंगभूत असते. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ (कमी विलंबाने ध्वनी पोहोचवणारा) ड्रायव्हर असायलाच हवा, आणि तो नसलेला इंटरफेस कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. मुद्रणाच्या सॉफ्टवेअरपैकी लॉजिक विंडोजवर चालत नाही, रीपर दोन्हीकडे चालते आणि ६० दिवस वापरून पाहता येते. जुना संगणक घेताना तो विंडोज ११ साठी पात्र आहे का हे तपासावे, कारण विंडोज १० चा सर्वसाधारण आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. साठवणुकीसाठी एसएसडीच घ्यावी आणि मुद्रणाची प्रत वेगळ्या बाह्य डिस्कवर रोज उतरवावी.

हेडफोन मुद्रणाच्या वेळी बंद कपाचेच हवेत, नाहीतर त्यातला ठेका मायक्रोफोनमध्ये गळतो. खोलीचा घुमारा कमी करणारे उपचार केलेले नसतील तर पहिल्या वर्षी मॉनिटर (मुद्रण पारखण्याच्या) स्पीकरचे पैसे जाड पडदे, गाद्या आणि भरलेली पुस्तकांची कपाटे यांकडे वळवावेत असे माझे मत आहे. उघड्या, घुमणाऱ्या खोलीत कंडेन्सरपेक्षा एसएम ५८ सारखा डायनॅमिक, म्हणजे कमी संवेदनशील मायक्रोफोन जवळ धरून वापरणे चांगले. कंडेन्सर घेतलाच, तर कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात तो सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावा.

जुन्या घरांत सर्वांत जास्त छळते ती वीज. लॅपटॉप चार्जिंगला लावला की हेडफोनमध्ये घूं असा आवाज येत असेल, तर आधी चार्जर काढून बॅटरीवर ऐकून पाहावे. आवाज थांबला तर दोष मायक्रोफोनचा नसून चार्जरचा किंवा अर्थिंगचा आहे. संगणक, इंटरफेस आणि स्पीकर एकाच, नीट अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्यावेत, स्पीकरला बॅलन्स्ड (बाहेरचा गोंगाट रोखणारी) केबल वापरावी आणि भिंतीतले अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. तीन पिनी प्लगची अर्थ पिन काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. त्याने घूं थांबतेही, पण शॉक लागण्याचा धोका उभा राहतो. पंख्याचा रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर त्याच वायरिंगवर असतील तर मुद्रणापुरते बंद ठेवावेत.

पैसे देण्यापूर्वी आपला इंटरफेस आणि हेडफोन दुकानात घेऊन जावेत. विंडोज संगणक असेल तर लेटन्सीमॉन हे, ड्रायव्हरमुळे ध्वनी अडखळतो का ते दाखवणारे साधन दहा मिनिटे चालवून पाहावे, एकदा वायफाय चालू ठेवून आणि एकदा बंद करून. वायफाय बंद केल्यावर हेडफोनमधली टकटक थांबत असेल तर दोष बहुधा वायफायच्या ड्रायव्हरचा असतो आणि तो कधीकधी नव्या आवृत्तीने सुटतो; दोन्ही वेळा टकटक येत असेल तर दुसरे मॉडेल दाखवायला सांगावे.