मोठेपणी एडीएचडी कळलाय? मग या चुका टाळा

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि कामं वेळेवर हातून होणं अवघड करणारी मेंदूची अवस्था. तिचं निदान झालं की बहुतेकांचा पहिला आठवडा सारखाच जातो. तीन नवी ॲप, एक महागडं प्लॅनर, रात्री दोनपर्यंत व्हिडिओ. महिन्याभरात सगळं बंद, आणि वर 'माझं काही होणार नाही' हे ठरलेलं. माझं निदान चाळिशीत झालं. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण विचारायला येतात, आणि त्याच त्याच चुका पाहून जीव तुटतो.

रविवारी उभारलेली सिस्टीम

माझ्या मावसभावाचा भोसरीला फॅब्रिकेशनचा छोटा वर्कशॉप आहे. हात सोन्याचे, पण कागदपत्रांची चालढकल. त्याने एका शनिवार-रविवारी बसून ॲपमध्ये सगळा धंदा भरला. प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळा रंग, प्रत्येक कामाला तीन-तीन रिमाइंडर. ११ तारखेला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न, भरायची आठवण वाजली तेव्हा तो वेल्डरशी बोलत होता. 'जेवल्यावर बघू' म्हणत बोटाने सरकवली. त्याच्या डोक्यातून विषय तिथेच गेला. कळलं ते एका मोठ्या गिऱ्हाइकाने पेमेंट अडवल्यावर, कारण याची बिलं त्यांच्या २बीमध्ये, म्हणजे टॅक्स क्रेडिटसाठी पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या यादीत, दिसतच नव्हती. बिलं तयार होती, पोर्टलचा पासवर्ड पाठ होता, काम तासाभराचं होतं. तरी कामगारांच्या पगाराला उसने पैसे काढावे लागले.

मला फोन आला तो असा : "ताई, दुसरं एखादं चांगलं ॲप आहे का गं?"

नाही. दुसरं ॲप नको. रसेल बार्कली हे मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हेच सांगत आलेत की एडीएचडीत काय करायचं हे माहीत असतं, ते नेमक्या वेळी हातून घडत नाही. म्हणून आठवण खिशात असून भागत नाही. काम जिथे करायचं तिथे, त्या क्षणी, काहीतरी समोर उभं हवं. आता दर महिन्याच्या ८ तारखेला त्याचा अकाउंटंट वर्कशॉपवर येतो आणि रिटर्न सबमिट होईपर्यंत शेजारच्या खुर्चीत बसून राहतो. शेजारी माणूस असला की आपण कामाला लागतो, हे ज्यांना एडीएचडी आहे त्यांना लगेच पटेल. त्यात कमीपणा मानू नका. शटरजवळ पांढरा बोर्ड आहे, त्यावर एका वेळी तीनच कामं. चौथं लिहायचं तर आधी एक पुसायचं. माझ्या घरीही हाच नियम आहे. कंटाळा आला तर मी मार्करचा रंग बदलते, पद्धत बदलत नाही.

गोळीकडून आठवड्यात चमत्काराची अपेक्षा

एडीएचडीच्या औषधांपैकी मिथाइलफेनिडेटचा परिणाम साधारण तासाभरात जाणवतो. ॲटोमोक्सेटिन या दुसऱ्या औषधाला मात्र काही आठवडे लागतात. हा फरक समजून न घेता लोक दहाव्या दिवशी गोळी बंद करतात आणि 'औषधाने काही होत नाही' असं सगळीकडे सांगत फिरतात. डोस हळूहळू ठरतो, मधे रक्तदाब आणि नाडी बघितली जाते. तेवढा धीर धरा. आणि मित्राची गोळी परीक्षेपुरती किंवा प्रेझेंटेशनपुरती मागणाऱ्यांवर मला खरंच राग येतो. मिथाइलफेनिडेट आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली येतं. तुमच्या हृदयाची तपासणी झालेली नसते, आणि ज्याची ती गोळी असते त्याचा दिवस बुडतो.

रील बघून स्वतःच निदान करणं

विसरभोळेपणा थायरॉइडमुळे, नैराश्यामुळे, झोपेत श्वास अडकण्यामुळेही येतो. मानसोपचारतज्ज्ञ लहानपणाबद्दल खोदून विचारतात ते उगाच नाही. मानसिक आजारांच्या निदानासाठी डॉक्टर वापरतात त्या डीएसएम-५ या पुस्तकानुसार काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून दिसायला हवीत. म्हणून जाताना जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर न्या. 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' असा शेरा वर्षामागून वर्षं असेल तर डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो. आई किंवा मोठं भावंड सोबत आलं तर आणखी बरं.

झोप कापणं. रात्री कामाला सूर लागतो, मान्य. पण दुसऱ्या दिवशीचं लक्ष त्यातच जातं.

साहेबांसमोर पहिल्याच दिवशी सगळं उघड करणं. निदानाचं नाव सांगायची गरज नसते. 'तोंडी सांगितलेलं काम मला मेलवरही पाठवाल का?' एवढं मागा, ते बहुतेक ठिकाणी मिळतं.

बायकोला किंवा नवऱ्याला आपलं कॅलेंडर बनवणं. ही चूक संसार पोखरते. विजेचं बिल, सिलिंडर, मुलांची फी, जे आपोआप भरलं जाऊ शकतं ते आजच ऑटोपेवर टाका. उरलेलं बोर्डावर, तुमच्या हातच्या अक्षरात. आणि वर्षानुवर्षं ज्यांनी धांदरट म्हणून आपल्यावर चिडचिड केली, त्या घरच्यांना एकदा डॉक्टरांसमोर सोबत बसवा. तिथे त्यांना त्यांचेही प्रश्न विचारू द्या.