एटीव्हीचे ड्रम ब्रेक: पाण्यात उतरण्याआधीची तयारी

मागच्या वेळी एटीव्हीच्या (खडबडीत वाटांवर चालणारी चारचाकी) पुढच्या दोन्ही चाकांना ड्रममध्ये पाणी जाऊ न देणारे नवीन सील टाकले, ओ-रिंग बदलल्या, सगळं घासूनपुसून बसवलं, आणि पहिल्याच ओढ्यानंतर उतारावर ब्रेक दाबला तर गाडी थांबेना. ड्रम ओढून काढला तेव्हा गंजाच्या रंगाचं पाणी हातावर सांडलं. सील नवाकोरा, त्याची कड शाबूत, तरी पाणी आत! चूक ब्रीदर पाइपची होती. जोडताना तो सस्पेन्शन आर्मच्या मागे दुमडला गेला होता आणि माझं तिकडे लक्षच नव्हतं. म्हणून सामान काढण्याआधी तो पाइप बघा.

ब्रेक प्लेटच्या मागून निघून वर फ्रेमकडे जाणारी ती बारीक रबरी नळी. ब्रेक लावून लावून ड्रम तापतो, आतली हवाही तापते, आणि तसंच चाक थंड पाण्यात उतरतं. बंद जागेतली १०० अंशांवरची हवा २५ अंशांवर आली की तिचा दाब साधारण पाचव्या हिश्शाने उतरतो. म्हणजे सीलवर जवळजवळ २ मीटर खोल पाण्याइतका जादा ताण. पाणी गुडघाभर असलं तरी सीलला तो ताण सोसावा लागतो. नळी मोकळी असेल तर बाहेरची हवा आत जाऊन दाब सारखा होतो. दुमडलेली किंवा चिखलाने बुजलेली असेल तर ड्रम सीलच्या कडेतून पाणी ओढून घेतो, मग सील कितीही भारी असो.

आता बाकीचं. जॅक, स्टँड, पान्हे, ब्रेक क्लीनर हे लागणारच. सील आणि ओ-रिंग आपल्याच मॉडेलचे आणा, ‘जवळपास बसतो’ असला सील नको. नवीन स्प्लिट पिन (एक्सलचा नट सुटू न देणारी) हवी, जुनी सरळ करून परत घालू नका. वॉटरप्रूफ ग्रीस आणि बारीक पॉलिश पेपर. ब्रेकची धूळ हवा मारून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये (ड्रमवर घासणारा ब्रेकचा थर) ॲस्बेस्टॉस असू शकतं. क्लीनर मारा, ओल्या फडक्याने पुसा.

ड्रम निघाल्यावर सीलची कड जिथे घासते त्या पट्ट्यावरून नख फिरवा. चिखल अडकून तिथे चर पडते. नख अडकलं तर नवा सीलही त्याच चरीतून गळणार, ड्रम बदलायची वेळ आली समजा. नुसता गंज असेल तर पॉलिश पेपर गोल फिरवून काढा, आडवा ओढू नका, आडव्या ओरखड्यातून पाणी आत शिरतं. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, तोही मोजून घ्या. लायनर शूच्या पत्र्यापासून सुटलेलं दिसलं तर शू फेकून द्या, त्यावर चर्चा नको.

सीलच्या कडेवर ग्रीसचा पातळ थर, बोटाने, पूर्ण गोल. जास्त झालं तर ते तापून लायनरवर येतं. सिलिकॉन फासायचा मोह टाळा. कड फिरत्या भागावर घासते, तिथे तो टिकत नाही आणि पुढच्या वेळी खरवडत बसावं लागतं. बऱ्याच मॉडेलना एक्सलच्या स्प्लाइनवरूनही (दांड्यावरच्या खाचांमधूनही) पाणी येतं, म्हणून नटाखालची ओ-रिंग विसरू नका.

ड्रम चढवण्याआधी परत ब्रीदर पाइप. वरच्या टोकाला तोंड लावून फुंका आणि प्लेटच्या आतल्या भोकासमोर ओला तळहात धरा. वारा थंड लागला पाहिजे. नाही लागला तर तार घालून साफ करा, चीर असेल तर नळीच बदला. टोक जितकं उंच नेता येईल तितकं न्या, क्लिपमध्ये बसवा, मग हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघा, कुठे ताणत किंवा चेपत नाही ना. मी हँडल वळवून बघितलं नव्हतं.

ब्रेक हायड्रॉलिक (फ्लुइडच्या दाबावर चालणारा) असेल तर व्हील सिलिंडरचं (शू ढकलणारा छोटा सिलिंडर) रबर उचलून बघा, आत ओल असेल तर दुरुस्ती आधी. फ्लुइड जुनं असेल तर बदला, ते हवेतलं पाणी शोषतं. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला). पिन. चाक. ड्रेन बोल्ट (आतलं पाणी काढायचा) असेल तर घट्ट.

ओढा ओलांडल्यावर थोडं अंतर ब्रेक हलका धरून चालवा, शू वाळतात. धुताना प्रेशर वॉशरची धार सीलवर नको. घरी आल्यावर ड्रेन बोल्ट काढा, थेंब जरी पडला तरी आधी नळी बघा, मग सील.